‘म्हणे’ नावाचं सदर

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्री-पत्रकारांनी वर्तमानपत्रांत गप्पांची सदरं लिहिली, त्यांवर तिला लघुप्रबंध करायचाय. तिचे सर म्हणतात, “चहाड्यांवर प्रबंध होत नाही. त्यापेक्षा आयडा वेल्सच्या लिंचिंगविरोधी लेखनावर कर.” (आयडा वेल्स ही त्या काळची कृष्णवर्णीय पत्रकार, आणि लिंचिंग म्हणजे जमावाने खटल्याविना माणसाला ठार मारणं.) विषय खरंच इतका हलका आहे का, आणि घेतलाच तर सुरुवात कुठून करायची, असं तिने विचारलंय.

मी गेली अठरा-वीस वर्षं जुनी वर्तमानपत्रं वाचते, त्यातही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची साप्ताहिकं जास्त. तुमच्या सरांचं वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलंय, तरुणपणी स्वतःही म्हटलंय. पण तुमची अडचण विषय हलका की भारी ही नाही. ‘गप्पांचं सदर’ म्हणून तुम्ही तीन वेगवेगळ्या चिजा एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत, आणि ते गाठोडं सरांना दाखवलंत तर ते नको म्हणणारच.

पहिली चीज म्हणजे साधी खबरबात. कोण कुणाकडे पाहुणं आलं, कुणाचं लग्न ठरलं, चर्चच्या जेवणाला किती वर्गणी जमली. दुसरी म्हणजे खरी कानगोष्ट, नाव न घेता मारलेला टोमणा. तिसरी म्हणजे स्त्रियांसाठीचं सदर, ज्यात घर, शिक्षण, नोकरी, मताधिकार यांवर बाई चार शब्द सांगते. छापील पानावर ही तिन्ही शेजारीशेजारी येतात, कधी एकाच सदरात मिसळलेली असतात. पण लिहिणारीचा त्यातला जीव, धोका आणि अधिकार तिन्ही ठिकाणी वेगळा असतो.

यातलं काय निवडायचं ते तुमच्या परिस्थितीवर ठरेल. इतिहास विभागात असाल तर पहिला प्रकार सोन्याची खाण आहे. साहित्याच्या विभागात असाल तर दुसरा घ्या, कारण सगळी करामत भाषेची आहे. स्त्री-अभ्यास असेल तर तिसऱ्यावर आधीच बरंच काम झालेलं आहे, त्यामुळे संदर्भ लवकर मिळतील, पण नवीन काही म्हणणं अवघड जाईल. अमेरिकेला न जाता, फक्त संगणकावर जे दिसतं त्यावर काम करणार असाल (तसंच असणार, असं धरते), तर कुठल्या पत्राचे अंक आज वाचायला मिळतात यावरही निवड ठरेल. तुमच्या प्रश्नाच्या सुरावरून मला वाटतं, तुम्हाला दुसरा प्रकार ओढतोय. म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

त्या काळच्या कृष्णवर्णीयांच्या पत्रांत अशा सदराचं एक ठरलेलं नाव पुन्हापुन्हा भेटतं: ‘दे से’. शब्दशः ‘ते म्हणतात’, पण मराठीत याला इतका चपखल शब्द आहे की इंग्रजी वाचकाला आपला हेवा वाटावा: ‘म्हणे’. “ती माहेरी आली, म्हणे.” या एका शब्दाने बोलणारी बाई बातमी पोचवते आणि तिची जबाबदारी झटकूनही टाकते. पाहिलं कुणी, सांगितलं कुणी, काही कळत नाही. सदराचं नावच ‘म्हणे’ असेल तर आतलं प्रत्येक वाक्य या सवलतीखाली येतं. तुमचा प्रबंध मला या सवलतीवर उभा राहताना दिसतो. म्हणणारे ‘ते’ कोण, आणि त्यांच्या तोंडून बोलणारी ही तरुणी कोण?

बॉस्टनची लिलियन अल्बर्टा लुईस घ्या. ‘बॉस्टन अ‍ॅडव्होकेट’ या साप्ताहिकात ‘म्हणे’चं सदर ती चालवत असे, १८८० च्या दशकाच्या अखेरीस. सही असायची ‘बर्ट इस्ल्यू’. हे नाव कसं बनवलंय ते जवळून बघा. अल्बर्टामधला ‘बर्ट’ घेतला. लुईस या आडनावाची इंग्रजी स्पेलिंगमधली शेवटची दोन अक्षरं उचलून पुढे ठेवली, झालं ‘इस्ल्यू’. कुलूप लावायचं आणि किल्ली उंबऱ्यावरच ठेवायची, असला प्रकार. बॉस्टनच्या बीकन हिलच्या उतारावर कृष्णवर्णीयांची वस्ती होती, लिलियन तिथलीच. तिथल्या माणसाला हे कोडं सुटायला फार वेळ लागला नसावा, असं मला वाटतं. म्हणजे टोपणनाव लपण्यासाठी कमी आणि खेळाची परवानगी मिळवण्यासाठी जास्त. सोंग घेतलेल्या माणसाला चार शब्द जास्त बोलायची मुभा असते, हे आपल्याकडे शिमग्यात लहान पोरालाही कळतं.

‘बर्ट’ हे पुरुषाचं नावही असू शकतं, हे विसरू नका. पुढे ती ‘बॉस्टन हेरल्ड’ या गोऱ्या लोकांच्या दैनिकात स्टेनोग्राफर म्हणून कामाला लागली, बातमीदारीही करू लागली, ‘रिचमंड प्लॅनेट’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकालाही मजकूर पाठवत असे. तिच्या एका व्याख्यानाच्या शीर्षकाचा अर्थ साधारण असा: चर्चच्या झग्याखाली पुष्कळ पापं झाकली जातात. गप्पांचं सदर चालवणारी बाई झग्याखाली बघणारच! आय. गारलंड पेन यांनी १८९१ साली कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांवर आणि संपादकांवर जाडजूड ग्रंथ काढला. त्यात स्त्री-पत्रकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि लिलियन लुईस त्यात आहे. तुमच्या सरांना हे पान दाखवा. समकालीन माणसाने तिला पत्रकारांत मोजलंय, आपण तिला बाहेर काढणारे कोण?

आता टोमणा कसा असायचा ते कळावं म्हणून मी एक मासला स्वतःच रचून देते, कुठल्याही अंकातला उतारा म्हणून वापरू नका. “अमुक रस्त्यावरचा तो तरुण गायकवृंदात बसतो ते गाण्यासाठी की तिसऱ्या बाकावरच्या निळ्या टोपीसाठी, असं लोक विचारतात.” नाव नाही, पण रस्ता आहे, बाक आहे, टोपी आहे. ज्याला कळायचं त्याला कळतं. लेकी बोले सुने लागे, तो हाच प्रकार. आणि परगावच्या वाचकाला काहीच कळत नाही, तरी तो वाचतो, कारण त्याच्या गावातही तिसरं बाक असतं.

या सदरांमागे पोटापाण्याचं कारणही होतं. ही साप्ताहिकं गरीब असत. वर्गणीदार थोडे, त्यांतही थकबाकीदार बरेच. ज्याचं नाव छापून आलं तो अंक विकत घेतो, शिवाय दुसऱ्या गावातल्या भावाला एक पाठवतो. गोऱ्यांच्या दैनिकात कृष्णवर्णीय माणसाचं नाव यायचं ते बहुतेक पोलीस कोर्टाच्या बातमीत. मुलीचं लग्न लागलं, मुलगा शिक्षक झाला, घराला नवा रंग दिला, हे छापणारं दुसरं पान नव्हतं. त्यामुळे पहिल्या प्रकारची कोरडी वाटणारी खबरबातही कमी लेखू नका. डिलायला बीझलीने बाराव्या वर्षी ‘क्लीव्हलँड गॅझेट’ला अशाच चर्चच्या नि समारंभांच्या चार-दोन ओळी पाठवून लिहायला सुरुवात केली. विसाव्या शतकात ‘ओकलंड ट्रिब्यून’ या गोऱ्यांच्या दैनिकात कृष्णवर्णीयांच्या घडामोडींचं सदर तिने १९३४ मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचक बदलला, पण कसब तेच.

आणि वाचक म्हणजे फक्त डोळ्यांनी वाचणारे नव्हेत. १८८० च्या जनगणनेच्या वेळी अमेरिकेतल्या दर १०० कृष्णवर्णीयांमागे सुमारे ७० जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत त्यांना शिकवणं हाच गुन्हा होता, त्याचं हे फळ. म्हणून पेपर मोठ्याने वाचून दाखवला जाई, आणि दोन-दोन ओळींच्या खुसखुशीत गप्पा ऐकायला जितक्या बऱ्या वाटतात तितका अग्रलेख वाटत नाही.

इथे मी तुमच्या सरांच्या आवडत्या आयडा वेल्सकडे वळते. ती तुमच्या विषयाच्या बाहेर नाही, अगदी मधोमध आहे. मेम्फिसमध्ये शिक्षिका असताना ती एका लायसियमला जाई. लायसियम म्हणजे आपल्या वक्तृत्वोत्तेजक सभेसारखं मंडळ, सभासद बहुतेक शिक्षक. दर शुक्रवारी निबंध, पाठांतर, वाद होत, आणि शेवटी ‘ईव्हनिंग स्टार’ वाचला जाई. हा छापील पेपर नव्हता. संपादकाने लिहून आणायचा आणि उभं राहून वाचायचा. त्यात बातम्या, साहित्यटिपणं, मागच्या कार्यक्रमावरची टीका, कविता आणि एक ‘म्हणे’चं सदर असायचं. तिने आत्मचरित्रात तसं स्वच्छ लिहिलंय, आणि त्या सदरात माणसांविषयीचा गोड मजकूर असे, असा शब्द वापरलाय. आधीचा संपादक वॉशिंग्टनला परत गेला तेव्हा ही निवडून आली. तिचं वाचन ऐकायला गर्दी होऊ लागली. ‘लिव्हिंग वे’ या बाप्टिस्ट साप्ताहिकाचे पाद्री-संपादक ऐकून गेले आणि त्यांनी तिला लिहायला बोलावलं. तिथे तिने ‘आयोला’ हे नाव घेतलं. पैसे नाहीत. लिहिण्याचे पैसे पहिल्यांदा देऊ केले ते विल्यम सिमन्स या दुसऱ्या एका बाप्टिस्ट पाद्री-संपादकांनी, दर आठवड्याच्या वार्तापत्रामागे एक डॉलर. म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत निर्भय पत्रकारांपैकी एकीचा रियाज झाला तो शुक्रवारच्या गप्पा मोठ्याने वाचताना.

‘गोड’ या शब्दावर थोडं थांबा. गप्पा कडू झाल्या की काय होतं हे तिला सोळाव्या वर्षीच कळलं होतं. १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत मिसिसिपीतल्या हॉली स्प्रिंग्जमध्ये आई-वडील गेले आणि धाकटी भावंडं तिच्या अंगावर पडली. वडिलांनी आजारपणात आपले पैसे एका गोऱ्या डॉक्टरकडे सांभाळायला दिले होते. डॉक्टर पैसे परत द्यायला गावातल्या चौकात तिला भेटला, चार लोकांनी पाहिलं, आणि गावभर झालं की ही पोरगी भावंडांना घेऊन एकटी राहते ती गोऱ्यांकडून पैसे घेण्यासाठी, म्हणे. आत्मचरित्र लिहिताना, पन्नास वर्षांनंतरही, तिला ते विसरता आलेलं नाही. जिच्या अंगावर ‘म्हणे’ येऊन आदळलं, तीच पुढे ‘म्हणे’चं सदर चालवते आणि त्यात फक्त गोड मजकूर ठेवते, हा मला योगायोग वाटत नाही. हे अर्थात माझं वाचन आहे, तिने असं कुठे म्हटलेलं नाही. तुम्हाला पटलं तर पुराव्याने मांडा, नाही पटलं तर खोडा.

पुढे ती ‘फ्री स्पीच’ या मेम्फिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या पत्राची भागीदार झाली. १८९१ मध्ये तिने कृष्णवर्णीयांच्या शाळांच्या दुरवस्थेवर लिहिलं, त्यात काही शिक्षिकांच्या नेमणुका शाळा-मंडळातल्या सभासदांशी असलेल्या चोरट्या मैत्रीतून झाल्या, अशी सूचना होती. गावात कुजबुज होतीच, हिने ती छापली. नोकरी गेली. गप्पा आणि शोधपत्रकारिता यांच्यातली भिंत किती पातळ असते ते बघायला यापेक्षा चांगली जागा नाही.

आणि मग १८९२. मार्चमध्ये मेम्फिसला थॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्ट्युअर्ट या तिघांना जमावाने तुरुंगातून काढून मारलं. मॉस तिचा मित्र. त्यांचं ‘पीपल्स ग्रोसरी’ हे किराणा दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या डोळ्यात खुपत होतं. जमावाने मारलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर नेहमीच बलात्काराचा आळ असतो, हे लोकांना इतकं पाठ होतं की कुणी तपासत नव्हतं. तिने तपासलं. तो आळ म्हणजे एक राष्ट्रव्यापी ‘म्हणे’ होतं. २१ मेच्या अंकात तिने ती जुनीपुराणी थाप असल्याचं लिहिलं. काही दिवसांत ‘फ्री स्पीच’ची कचेरी उद्ध्वस्त झाली, ती परगावी होती म्हणून वाचली. तो मजकूर बिनसहीचा होता. गोऱ्यांच्या एका पत्राने लेखकाला शिंप्याच्या कात्रीने काय करावं ते छापलं, त्यावरून उघड आहे की लेखक पुरुषच असणार असं त्यांनी धरलं होतं.

नावाचा हा गोंधळ तुमच्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण मागेल. १८५० च्या दशकात कॅनडात ‘प्रोव्हिन्शियल फ्रीमन’ काढणारी मेरी अ‍ॅन शॅड नुसती आद्याक्षरं लावायची, आणि वाचक तिला पुरुष समजून पत्रं लिहायचे. गर्ट्रूड बस्टिल मॉसेल ‘न्यूयॉर्क फ्रीमन’मध्ये डिसेंबर १८८५ पासून स्त्रियांचं सदर लिहू लागली, ते ‘मिसेस एन. एफ. मॉसेल’ या नावाने, म्हणजे नवऱ्याची आद्याक्षरं. एकीने नाव झाकलं, दुसरीने नवऱ्याच्या नावाची शाल पांघरली, तिसरीने आडनाव उलटंपालटं केलं. तिघींना वेगवेगळी मुभा मिळाली. मॉसेलबाई फिलाडेल्फियाच्या, आणि मार्च १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी त्याच शहरात डॉक्टर झाल्या, पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. मराठी विद्यार्थ्याला इथे धागा जोडायचा मोह होतो. जोडू नका. एका शहरात राहणं म्हणजे ओळख असणं नव्हे.

माझी एक फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल. ‘वॉशिंग्टन बी’ या साप्ताहिकात क्लारा आणि लुईझ या दोन मैत्रिणींच्या पत्रांच्या रूपात राजधानीतल्या बड्या कृष्णवर्णीय घरांच्या खबरी येत. मी त्या वाचून इतकी खूश झाले की दोघींना स्त्री-पत्रकार म्हणून यादीत घातलं आणि एका चर्चासत्रात तावातावाने वाचून दाखवलं. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या ग्रंथपालाने शांतपणे विचारलं, “क्लारा कोण होती?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. खाली बाईचं नाव आहे म्हणून लिहिणारी बाई असं होत नाही. संपादक मिशीला पीळ देत ‘सखे’ म्हणून लिहू शकतो, आपल्या नियतकालिकांतही असे सखे-सये कमी नव्हते. तेव्हापासून माझा नियम असा: सही, शिवाय दुसऱ्या ठिकाणची साक्ष. लिलियन लुईससाठी पेन यांचा ग्रंथ आहे, वेल्ससाठी तिची १८८५ ते १८८७ ची डायरी आणि आत्मचरित्र आहे. जिथे दुसरी साक्ष नाही तिथे ‘स्त्रीच्या आवाजातलं सदर’ म्हणा, ‘स्त्रीने लिहिलेलं’ म्हणू नका.

आता कामाचं. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा वर्तमानपत्रांचा संग्रह फुकट आहे. ‘रिचमंड प्लॅनेट’ आणि ‘वॉशिंग्टन बी’ दोन्ही तिथे पानोपान वाचता येतात. शोधाच्या चौकटीवर विसंबू नका. ही सदरं बारीक टाइपात, दाटीवाटीने छापलेली असत, आणि यंत्राला ती वाचताना फेफरं येतं. ‘इस्ल्यू’सारखं बनावट नाव तर हमखास चुकतं. नाव शोधण्यापेक्षा एक वर्ष निवडा आणि प्रत्येक अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळा. कंटाळवाणं आहे, पण सदर पानात कुठे बसतं, शेजारी कसली जाहिरात येते, कुठल्या आठवड्यात ते गायब होतं, हे दुसऱ्या रीतीने कळत नाही. ‘फ्री स्पीच’चे अंक मात्र शोधत बसू नका, ते जवळपास उरलेलेच नाहीत. आयोलाचा मजकूर टिकला तो इतर पत्रांनी कापून आपल्या पानात चिकटवला म्हणून. संपादक एकमेकांना अंक फुकट पाठवत आणि आवडेल ते उचलत. तेव्हा एका पत्रात टोमणा दिसला की तो मूळचा तिथलाच, असं धरू नका.

एक वही घाला. प्रत्येक ओळीसाठी तारीख, पत्र, नाव घेतलं की आडून बोललं, प्रसंग कुठला (चर्च, शाळा, नाच, दुकान) आणि शेवटच्या रकान्यात ‘म्हणणारे कोण’. हा शेवटचा रकाना सुरुवातीला रिकामाच राहील. पन्नास-साठ ओळी झाल्या की दिसायला लागेल की ‘ते’ म्हणजे सगळी वस्ती नसते. ते बहुतेकदा चर्चमधले पुढच्या बाकावरचे लोक असतात, आणि टोमणे खातात ते मागचे. मोलकरणी, धोबिणी, नुकतेच दक्षिणेकडून आलेले. आपल्याला या स्त्रिया शूर वाटतात आणि त्या होत्याही, पण याच सदरांनी गरीब मुलींच्या टोप्या आणि चाली मोजल्या, हेही लिहावं लागेल. ते गाळलंत तर सरांनी नाही तरी बाहेरच्या परीक्षकाने विचारलंच म्हणून समजा.

सरांशी भांडू नका. वेल्सवर कर म्हणतात ना, वेल्सवरच करा. फक्त १८९२ च्या कचेरीपासून न धरता मेम्फिसच्या शुक्रवारपासून धरा, आणि तिच्या शेजारी बॉस्टनची लिलियन ठेवा. शीर्षकात ‘गप्पा’ शब्द घालायचा की नाही ते सरांची सही मिळाल्यावर ठरवता येईल.